श्रुतरक्षणाची विद्या : ग्रंथभांडारांचे सांभाळकर्ते आणि त्यांचे शिक्षण

जैन समाजाच्या इतिहासात ग्रंथलेखनासाठी आणि मंदिरनिर्मितीसाठी द्रव्य देणाऱ्या श्रावक-श्राविकांची नावे मोठ्या आदराने जपली गेली आहेत. हस्तलिखितांच्या अखेरच्या प्रशस्तींत, प्रतिमांच्या पादपीठावरील लेखांत आणि अलीकडच्या काळात संगमरवरी फलकांवर ती वाचावयास मिळतात. परंतु तो ग्रंथ पुढे पाचशे-सातशे वर्षे ज्यांनी सांभाळला, दर वर्षी उघडून पाहिला, कसर लागू दिली नाही आणि नव्या वेष्टनात बांधून पुन्हा जागेवर ठेवला, त्यांची नावे कोठेच आढळत नाहीत. वास्तविक हे काम केवळ श्रद्धेने होणारे नाही. त्याला विद्या लागते आणि ती विद्या कोणीतरी कोणालातरी शिकवावी लागते. ही शिकवण अखंड चालली तेथे ग्रंथ टिकले. ती खंडित झाली तेथे भांडार भरलेले असूनही ग्रंथ मुके झाले.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गत ५० वर्षांच्या कार्याचे सिंहावलोकन होत असताना, या दुर्लक्षित विषयाचा ऐतिहासिक आढावा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

गिरनारच्या गुंफेतील पाठशाळा

दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आचार्य धरसेन गिरनारच्या चंद्रगुंफेत वास्तव्य करीत होते. अंगपूर्वांचे जे ज्ञान गुरुमुखाने त्यांच्यापर्यंत आले होते, ते आपल्या पश्चात लुप्त होईल या चिंतेने त्यांनी दक्षिणेतील मुनिसंघाकडे पत्र पाठविले. संघाने ग्रहण-धारणेस समर्थ असे दोन साधू पाठविले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले.

या कथेतील एक भाग प्रवचनात बहुधा चमत्कार म्हणून सांगितला जातो. त्यातील शिक्षणाचा आशय मात्र अनुल्लेखित राहतो. आलेल्या शिष्यांना आचार्यांनी लगेच विद्या दिली नाही. आधी त्यांची परीक्षा घेतली. एकाला दिलेल्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, तर दुसऱ्याच्या मंत्रात एक अक्षर कमी होते. साधना पूर्ण होताच ज्या देवता प्रकट झाल्या, त्यांपैकी एकीचे दात बाहेर आलेले होते व दुसरी एकाक्ष होती. देवतांचे रूप विकृत नसते, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, असे दोघांनी ओळखले आणि मंत्र शुद्ध करून पुन्हा साधना केली. एका अक्षराची न्यूनाधिकता ज्याच्या लक्षात येते, त्याच्याच हाती श्रुत सोपवावे, हा या परीक्षेचा अर्थ होय. त्यानंतर अध्यापन झाले आणि पुढे षट्खंडागम ग्रंथरूप पावला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस त्या ग्रंथाची पूजा झाली, अशी परंपरा आहे.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. आचार्यांनी शिकविले ते दोघांना. विद्या एकाच व्यक्तीच्या ठायी राहिली, तर त्या व्यक्तीबरोबर ती जाते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

मूडबिद्री : ग्रंथ होते, वाचक नव्हते

षट्खंडागमावरील धवला आणि कषायप्राभृतावरील जयधवला या महान टीका, तसेच महाबंध, यांच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत शतकानुशतके सुरक्षित होत्या. यात्रेकरू तेथे जात, त्या ताडपत्रांचे दर्शन घेत, द्रव्य अर्पण करीत आणि परत येत. ग्रंथांची पूजा होत असे, स्वाध्याय मात्र होत नसे. कारण ती जुनी कन्नड लिपी आणि ती प्राकृत-संस्कृतमिश्रित भाषा वाचून लावणारे फारच थोडे उरले होते.

१८८३ साली मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेनिमित्त मूडबिद्रीस गेले. ताडपत्रांची अवस्था पाहून ते चिंतित झाले. परत आल्यावर त्यांनी सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ही हकीकत कळविली. 'जैन बोधक'चे संस्थापक असलेले हिराचंदजी पुढच्याच वर्षी मूडबिद्रीस गेले. जाताना त्यांनी श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांना मुद्दाम सोबत नेले, कारण ग्रंथ वाचून दाखवू शकेल असा दुसरा विद्वान सहज उपलब्ध नव्हता. शास्त्रीजींनी मंगलाचरण वाचून दाखविले, तेव्हा उपस्थितांना झालेल्या आनंदाचे वर्णन डॉ. हिरालाल जैन यांच्या प्रस्तावनेत आलेले आहे.

प्रती करून घेण्याचा संकल्प झाला, परंतु प्रत्यक्ष काम सुरू होण्यास दहा-बारा वर्षे गेली. समाजाने निधी उभा केला. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री यांची नियुक्ती झाली. जयधवलेची थोडीच पत्रे लिहून होतात न होतात तोच ब्रह्मसूरी शास्त्री निवर्तले आणि सगळा भार गजपती शास्त्रींवर आला. धवला आणि जयधवला यांची नागरी प्रत पूर्ण व्हायला सुमारे १६ वर्षे लागली. सर्व सिद्धांतग्रंथांचे लेखन आटोपण्यास १९२२ साल उजाडले. द्रव्य होते, इच्छा होती, ग्रंथही समोर होते. जे थोडे होते, ते जाणकार हात.

या प्रती मूडबिद्रीच्या बाहेर न्यावयाच्या नव्हत्या. तथापि गजपती शास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने एक कन्नड प्रत गुप्तपणे तयार केली होती. ती पुढे सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे पोहोचली. तेथे विजयचंद्रय्या आणि सीताराम शास्त्री यांनी १९१६ ते १९२३ या काळात तिचे नागरीकरण केले. सीताराम शास्त्रींनी स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतीवरून पुढे अमरावती, कारंजा, आरा इत्यादी ठिकाणी प्रती गेल्या. या गुप्ततेविषयी मतभेद होते व राहतील. मात्र त्या काळात एका गृहिणीला ती लिपी शुद्ध लिहिता येत होती, ही गोष्ट विशेष नोंद घेण्यासारखी आहे.

याच प्रतींच्या आधारे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड १९३९ साली प्रसिद्ध केला. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आदी विद्वानांच्या सहकार्याने हे कार्य चालले आणि १६ खंड १९५८ पर्यंत पूर्ण झाले. विदर्भातील एका गावी झालेले हे काम साऱ्या भारताच्या जैन वाङ्मयाला भूषणावह ठरले.

एक शब्द आणि मूळ पत्र

ग्रंथ छापले गेले, आता तर त्यांची छायाचित्रेही संगणकावर उपलब्ध होतात. मग जीर्ण पत्रे सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विश्वस्तांच्या सभांमधून अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर धवलेच्याच इतिहासात आहे.

पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात अर्थाच्या दृष्टीने 'संजद' हा शब्द असावा, असे संपादकांना वाटले. परंतु त्यांच्यापुढे असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यावरून विद्वानांमध्ये अत्यंत तीव्र चर्चा झाली. त्या चर्चेच्या सैद्धांतिक बाजूत शिरण्याचे हे स्थान नव्हे. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यात आला, तेव्हा तो शब्द मूळ पत्रात असल्याचे आढळले. हातोहात नकला होताना एक शब्द गळाला होता आणि त्याचा निर्णय अखेर मूळ पत्रानेच दिला. ते पत्र कसरीने खाल्ले असते, तर हा प्रश्न कायमचा अनिर्णीत राहिला असता. महाबंधाच्या बाबतीत नेमके तसेच घडले आहे. त्याची काही ताडपत्रे नष्ट झाल्यामुळे तेवढा पाठ आता कोणत्याही उपायाने परत मिळणार नाही. ही हानी ऐकूनच चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरण्यात आले, आणि ते ताम्रपट फलटण येथे जतन केलेले आहेत.

परंपरेतील जतनशास्त्र

पूर्वजांजवळ जतनाचे शास्त्र नव्हते, असे समजणे चुकीचे आहे. दिगंबर समाजात ज्येष्ठ शुद्ध पंचमी आणि श्वेतांबर समाजात कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे ज्ञानपंचमी, या दिवशी ग्रंथ बाहेर काढून, झाडून, पाहून, पुन्हा बांधण्याची रीत होती. एक तिथी पावसाळ्याच्या तोंडावर येते, तर दुसरी पावसाळा सरल्यावर. ओलाव्यापूर्वी एकदा आणि ओलाव्यानंतर एकदा भांडाराची तपासणी व्हावी, यापेक्षा उत्तम वेळापत्रक आजचा तज्ज्ञही सुचवू शकणार नाही. कालांतराने ग्रंथ बाहेर काढणे मागे पडले आणि पाटावर एक ग्रंथ ठेवून त्याची पूजा तेवढी राहिली.

ताडपत्रांना सुगंधी गवताचे तेल लावणे, पोथीत वेखंडाची पुरचुंडी ठेवणे, वर-खाली लाकडी फळ्या देऊन दोरी घट्ट बांधणे, हे सारे उपाय अनुभवसिद्ध होते. घट्ट बांधलेल्या पोथीत हवा, धूळ आणि किडा यांचा शिरकाव कमी होतो. म्हणूनच जुने लेखनिक ग्रंथाच्या शेवटी पाणी, तेल आणि सैल बंधन यांपासून ग्रंथाचे रक्षण करण्याची विनवणी करीत असत.

वेष्टनाच्या कापडाविषयीही विचार होता. पोथीला सुती वेष्टन उत्तम. मात्र ते धुऊन खळ पूर्ण काढलेले असावे. नव्या कोऱ्या मांजरपाटातील पिठाची खळ हे कसरीचे आवडते खाद्य आहे. परंपरेने लाल वा पिवळे कापड वापरले जाई. परंतु त्याचा रंग पक्का आहे की नाही, हे पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून आधी पाहिले पाहिजे. कच्च्या रंगाचे कापड एकदा भिजले, तर त्याचा डाग पत्रांवर कायमचा बसतो. रेशमी झगमगीत किंवा कृत्रिम धाग्याचे वेष्टन शोभिवंत दिसते, परंतु कृत्रिम धाग्याचे कापड ओलावा शोषून घेत नाही. भक्तिभावाने आणलेले महागडे कापड साध्या धुतलेल्या सुती कापडापेक्षा कमी उपयोगाचे ठरते, हे शिकविल्याशिवाय कळत नाही.

या परंपरागत विद्येचे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी म्हणजे आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५–१९७१). प्रवर्तक कांतिविजयजी आणि गुरू चतुरविजयजी यांच्या हाताखाली त्यांनी लिपी, कागद, शाई आणि पत्रांची पारख शिकून घेतली. जैन श्रमणसंस्कृतीतील लेखनकलेवर त्यांनी १९३५ साली गुजरातीत लिहिलेला प्रबंध आजही या विषयातील आधारग्रंथ मानला जातो. १९५०-५१ च्या सुमारास त्यांनी जेसलमेरच्या भांडारात दीर्घकाळ राहून परस्परांत मिसळलेली पत्रे जुळविली, महत्त्वाच्या ग्रंथांची सूक्ष्मचित्रे घेवविली आणि सूची सिद्ध केली. अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराला त्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला, त्याचबरोबर तेथे काम करणारी माणसेही घडविली.

आधुनिक प्रशिक्षणाची वाटचाल

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर शासनाच्या वतीने हस्तलिखितांचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. ब्यूलर, कीलहॉर्न, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटरसन यांनी जमविलेला संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता. तो १९१८ साली, त्याआधीच्या वर्षी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्यात जैन हस्तलिखितांचा भाग मोठा आहे. तेथे १९१९ पासून चार दशके परशुराम कृष्ण गोडे यांनी संग्रहपालाचे काम केले. संग्रहपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा नव्हे, ही जाणीव त्यांच्या कारकिर्दीने महाराष्ट्राला करून दिली. विदर्भात रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली. तीमुळे कारंजाच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले.

संग्रहालयांतील सेवकवर्गास शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे, हा विचार मात्र आपल्या देशात उशिरा रुजला. १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्‌ज यांनी भारतातील संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली आणि तीत प्रशिक्षित माणसांचा अभाव दाखवून दिला. १९४४ मध्ये भारतीय संग्रहालय संघटना स्थापन झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. हा देशातील पहिला विभाग होय. १९७६ मध्ये लखनौ येथे सांस्कृतिक वस्तूंच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली, तर १९८४ मध्ये 'इंटॅक' ही वारसासंवर्धनाची संस्था स्थापन झाली.

हे सर्व शिक्षण प्रामुख्याने मोठ्या संग्रहालयांसाठी होते. गावोगावच्या मंदिरांतील कपाटापर्यंत ते पोहोचण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. प्रतिबंधात्मक जतन आणि लिपिवाचन यांच्या कार्यशाळा त्या योजनेतून ठिकठिकाणी झाल्या, आणि खाजगी व धार्मिक संग्रहांच्या सांभाळकर्त्यांनाही त्यांत प्रवेश मिळू लागला. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात 'ज्ञानभारतम्' ही नवी योजना जाहीर झाली असून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र कार्यरत आहे. गांधीनगरजवळील कोबा येथील आचार्य श्री कैलाससागरसूरी ज्ञानमंदिराने तर जैन समाजाच्या स्वतःच्या बळावर किती शास्त्रशुद्ध भांडार उभे राहू शकते, याचा आदर्शच घालून दिला आहे.

अशिक्षित भक्तीची हानी

भांडाराची हानी केवळ वाळवी आणि पाऊस करीत नाहीत. सद्भावनेने केलेल्या चुकाही तितक्याच घातक असतात. फाटलेले पत्र चिकटपट्टीने जोडले जाते. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग मात्र अक्षरांवर कायम राहतो. पत्र टिकावे म्हणून दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांत उष्णतेने बंद केले जाते. ते पुन्हा मोकळे करणे जवळजवळ अशक्य होते. भिजलेली पोथी कडक उन्हात वाळवली जाते आणि पत्रे वेडीवाकडी होऊन तडकतात. कपाटात डांबराच्या गोळ्या मुबलक टाकल्या जातात, परंतु कपाट ओल्या भिंतीला टेकलेले आहे हे कोणी पाहत नाही.

धातुप्रतिमांचेही असेच होते. दैनंदिन प्रक्षाल हा धर्माचरणाचा भाग आहे. त्याविषयी प्रश्नच नाही. परंतु चकाकी आणण्यासाठी चिंच, आम्ल किंवा भुकटी लावून प्रतिमा घासल्याने मागील बाजूचा लेख झिजत जातो. त्या चार ओळींत संवत, गच्छ किंवा गण, भट्टारकांचे वा आचार्यांचे नाव, श्रावकाचे कुळ आणि गाव असते. अनेक गावांतील जैन वस्तीचा तोच एकमेव लिखित पुरावा असतो. तो झिजण्यापूर्वी त्याचे वाचन व छायाचित्र करून ठेवावे, हे शिकलेल्या माणसालाच सुचते.

काय शिकवावे, कोणाला शिकवावे

लहान संस्थेच्या सेवकाला रसायनशास्त्रज्ञ बनविण्याची आवश्यकता नाही. त्याला पुढील गोष्टी आल्या तरी भांडाराचे आयुष्य कितीतरी वाढेल. प्रत्येक ग्रंथास व वस्तूस क्रमांक देऊन पत्रसंख्या, माप, लिपी, अवस्था आणि छायाचित्रासह नोंदवहीत नोंद करणे. स्वच्छ व कोरड्या हातांनी, पत्रास खालून आधार देऊन पोथी उघडणे. पान उलटताना बोटास थुंकी न लावणे. मऊ कुंचल्याने धूळ काढणे. आर्द्रतामापक पाहून खोलीतील दमटपणाची नोंद ठेवणे. कपाट भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवणे. पाणी शिरल्यास पत्रे सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, टीपकागद घालून सुकविणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोठे थांबावे व तज्ज्ञास केव्हा बोलवावे हे ओळखणे.

नोंदीला कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती, तसेच ७५ वर्षांहून जुनी व ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात, आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. चोरी झाल्यास छायाचित्र आणि नोंद यांवाचून ती वस्तू आपलीच आहे, हे सिद्ध करणे कठीण होते. सार्वजनिक न्यासाचे हिशेब दर वर्षी तपासले जातात. रोखकीर्द आणि बँक यांचा मेळ एका रुपयाने चुकला तरी तो शोधला जातो. परंतु कपाटात किती पोथ्या आहेत व गेल्या वर्षी किती होत्या, हे बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही. दुकानातील मालाची मोजदाद दिवाळीला करणाऱ्या समाजाने ज्ञानाच्या या अमूल्य साठ्याची मोजदाद ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला करावी, यात अवघड काहीच नाही.

प्रशिक्षणासाठी पाठवावयाची माणसे दोन असावीत, हे गिरनारच्या गुंफेतून आणि मूडबिद्रीच्या अनुभवातून एकसारखेच शिकावयास मिळते. एक, मंदिरात रोज असणारे पुजारी, उपाध्ये किंवा मुनीम. आणि दुसरी, समाजातील एखादी सुशिक्षित तरुण व्यक्ती. बी.ए., बी.कॉम. होऊन घरी असलेल्या अनेक भगिनी हे काम उत्तम करू शकतील. त्यांचा प्रवास, निवास आणि शिकण्याच्या काळातील मानधन संस्थेने द्यावे व परतल्यावर त्यांच्या कामास पदाची प्रतिष्ठा द्यावी. शिकून आलेल्या माणसास पुन्हा फक्त किल्ल्या सांभाळण्यास बसविले, तर तो टिकणार नाही. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ग्रंथप्रकाशनासाठी समर्पित केली व त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेने जगभरच्या विद्वानांत मान मिळविला. त्याच औदार्याचा एक अंश माणसे घडविण्याकडे वळविणे आता गरजेचे आहे.

गावोगावी आज ज्या वयोवृद्ध सेवकांना जुनी मोडी व नागरी अक्षरे लागतात, कोणती पोथी कोणत्या बस्त्यात आहे हे तोंडपाठ आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी, मंडप आणि सत्कार यांच्या बरोबरीने 'भांडार-सेवक प्रशिक्षण' असे एक स्वतंत्र खाते उघडले जावे, आणि येत्या श्रुतपंचमीस त्या सेवकांच्या शेजारी शिकण्यासाठी दोन तरुण माणसे बसलेली दिसावीत, हीच जिनवाणीच्या चरणी प्रार्थना.